धूमकेतूला हात लावण्याची किंमत

इंदूरच्या रामबागेत माझे एक ज्येष्ठ स्नेही राहतात. उभी हयात बँकेत हिशेबतपासणीत गेली. मी त्यांना काका म्हणतो. गेल्या आठवड्यात त्यांनी एका कागदावर दोन प्रश्न लिहून माझ्या हातात दिले. पहिला असा: ‘युरोपच्या लोकांनी हजारो कोटी खर्चून धूमकेतूवर एक यंत्र उतरवलं. ते आपटलं, उडालं, सावलीत जाऊन पडलं आणि अडीच दिवसांत बंद झालं. जवळून फोटो काढून भागलं नसतं का?’ दुसरा त्यांच्या मनातला खरा प्रश्न आहे असं मला वाटतं: ‘नात होळकर सायन्स कॉलेजात बी.एस्सी. करते. तिला याच क्षेत्रात जायचंय. एका यंत्रापायी वीस वर्षं घालवणं शहाणपणाचं आहे का?’

तिथल्या तिथे जे बोललो ते घरी आल्यावर मला अपुरं वाटलं. म्हणून सविस्तर लिहितो आहे. माझं आयुष्य इथल्या कॅटमध्ये, म्हणजे आताच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, व्हॅक्यूमच्या कामात गेलं. यान मी बनवलेलं नाही. पण रिकाम्या जागेत उरलेला वायू कोणता आणि किती हे ओळखणं हेच माझं काम होतं, आणि युरोपच्या त्या मोहिमेतल्या रोझेटा यानाची सगळ्यात मोठी कमाई नेमकी त्याच विद्येतून आली आहे.

काका, आधी जमाखर्चाची वही सरळ करू. रोझेटा मोहिमेचा एकूण खर्च १४० कोटी युरो. यान, उपकरणं, प्रक्षेपण, जमिनीवरून ते चालवणाऱ्यांचं काम, सगळं यात आलं. त्या वेळच्या भावाने हे साधारण ११,००० कोटी रुपये होतात. पण धूमकेतूवर उतरलेलं ते छोटं यंत्र, ‘फिली’, त्यातलं सुमारे २२ कोटी युरोंचं, म्हणजे सहाव्या हिश्शाच्या आसपास. बाकीचे पैसे रोझेटा या मूळ यानाचे. ते दोन वर्षांहून अधिक काळ धूमकेतूच्या सोबतीने हिंडलं आणि त्याने आपलं काम चोख केलं. तुम्ही पूर्ण रक्कम उतरण्याच्या खात्यावर टाकली आहे. ती दोन खाती वेगळी केली की प्रश्न बदलतो. धूमकेतूजवळ जाऊन राहणं योग्य होतं का हा एक प्रश्न, आणि तिथे गेल्यावर खाली उतरणं योग्य होतं का हा दुसरा.

पहिल्याचं उत्तर मी जराही न अडखळता देतो. १९८६ साली हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा मी कॉलेजात होतो. खंडवा रोडवर शहराचे दिवे मागे पडायचे तिथे जाऊन आम्ही पहाटे तो पाहिला. माझी आजी त्याला शेंडेनक्षत्र म्हणायची आणि त्याच्याकडे फार वेळ बघू द्यायची नाही. त्याच मार्चमध्ये जिओटो हे युरोपचं यान हॅलेपासून सुमारे ६०० किलोमीटरवरून गेलं. वेग सेकंदाला ६८ किलोमीटर. इंदूरहून उज्जैन गाठायला एक सेकंदही लागणार नाही असा हा वेग. धुळीच्या माऱ्यात त्याचा कॅमेरा निकामी झाला. तरी त्याने दाखवलं की धूमकेतूचं केंद्र कोळशाहून काळं असतं, त्यावर पडलेल्या उजेडापैकी जेमतेम चार टक्के परत येतो. ‘जवळून फोटो’ म्हणतात तो हा, आणि तो मोलाचाच होता. पण चालत्या रेल्वेच्या खिडकीतून एखादं गाव पाहिल्यावर त्या गावच्या विहिरीचं पाणी गोड की मचूळ हे सांगता येत नाही.

पाण्याचाच प्रश्न मोठा होता. पृथ्वीवरचं पाणी आलं कुठून? धूमकेतूंनी आणलं असेल तर त्यांच्या पाण्याची जात आपल्या पाण्याशी जुळायला हवी. हायड्रोजनचं एक जड भावंड असतं, ड्युटेरियम. आपल्या समुद्रात दर दहा हजार हायड्रोजन अणूंमागे ते दीडेक सापडतं. रोझेटाने ६७पी/चुर्युमोव्ह-गेरासिमेन्को या धूमकेतूच्या वाफेत ते मोजलं, तर पाचाच्या वर भरलं, आपल्या तिपटीहून जास्त. २०१४ च्या डिसेंबरात हा निकाल आला आणि या जातीच्या धूमकेतूंनी समुद्र भरले या कल्पनेला जबर धक्का बसला. २०२४ मध्ये त्याच जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या. तेव्हा दिसलं की धुळीच्या कणांवर जड पाणी अधिक चिकटून राहतं, आणि यान धुळीच्या दाट भागात असताना मोजलेले आकडे त्यामुळे फुगत होते. धूमकेतूपासून दूर, जिथे धूळ कोरडी पडलेली, तिथले आकडे आपल्या समुद्राच्या बरेच जवळ येतात. म्हणजे यान संपून आठ वर्षं झाली आणि वहीतलं एक पान नव्याने वाचलं गेलं. दोन वर्षं तिथे राहून, लांबून, जवळून, उन्हाळ्यात, हिवाळ्यात मोजलं होतं म्हणूनच हे जमलं. एकदाच शेजारून गेलेल्या यानाकडे तुलना करायला दुसरा आकडाच नसता.

आता माझ्या पेशाची एक गोष्ट सांगतो. मोहिमेची खरी किंमत मला तिच्यातून कळते.

आमच्या केंद्रातल्या इलेक्ट्रॉन फिरवायच्या नळीतली हवा जवळजवळ पूर्ण काढून टाकावी लागते. पंप लावून भागत नाही. स्टीलच्या भिंतींना चिकटलेलं पाणी महिनोन्‌महिने सुटत राहतं, म्हणून अख्खी नळी दीडशे-दोनशे अंशांवर दिवस-दोन दिवस भाजायची. आम्ही त्याला बेकिंगच म्हणतो. आत बोटाचा एक ठसा राहिला तरी तो पुढे वायूच्या नोंदीत दिसतो. ही नोंद करणारं यंत्र म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर. ते रेणूंना विद्युतभारित करून वजनाप्रमाणे वेगळं करतं आणि कागदावर शिखरांची रांग उमटवतं. १८ वर पाणी, ३२ वर ऑक्सिजन, ४४ वर कार्बन डायऑक्साइड. आणि २८ वर घोटाळा. नायट्रोजनचा रेणू २८ आणि कार्बन मोनॉक्साइडचाही २८. नायट्रोजन असेल तर कुठेतरी गळती आहे, बाहेरची हवा आत येते आहे. कार्बन मोनॉक्साइड असेल तर तो धातूतूनच निघतो आहे, काळजी नको. एका शिखरावरून ठरत नाही. मग १४ चं शिखर बघा, १२ चं बघा, ३२ आणि ४० वर काही आहे का बघा, आणि तरी मन मानत नसेल तर हेलियम घेऊन जोडन्‌जोड तपासत बसा. या २८ ने माझ्या कितीतरी रात्री घेतल्या आहेत.

रोझेटावरच्या रोझिना या उपकरणाने ते २८ फोडून दाखवलं. दोन्ही रेणूंच्या वजनात फरक आहे, पण तो अडीच हजारांत एक इतकाच: कार्बन मोनॉक्साइड २७.९९५, नायट्रोजन २८.००६. प्रयोगशाळेत एवढा फरक दाखवणारी यंत्रं बहुधा बरीच मोठी असतात. इथे ते यंत्र रॉकेटवर चढलं, दहा वर्षं अवकाशात थांबलं आणि सूर्यापासून ४५ कोटी किलोमीटरवर, पृथ्वीवरून अर्ध्या तासाने आज्ञा पोचते अशा ठिकाणी, दोन शिखरं वेगळी काढून बसलं. नायट्रोजन सापडला, पण कार्बन मोनॉक्साइडच्या मानाने हजारी सहाच्याही आत. हा धूमकेतू ज्या बर्फातून जुळून आला तो शून्याखाली सुमारे २४० अंशांच्या थंडीत गोठलेला असणार, असा त्याचा अर्थ लावतात. पृथ्वीवरच्या दुर्बिणीतून हे करता आलं नसतं. त्या उजेडात नायट्रोजनचा रेणू आपली ओळखच देत नाही. तो हुंगावा लागतो, आणि हुंगायला तिथे जावं लागतं.

याहूनही मला भावलेली एक गोष्ट. धूमकेतू गाठण्याआधी रोझिनाच्या लोकांनी उपकरण सुरू करून रिकाम्या अवकाशात काय दिसतं ते पाहिलं. तर यानाभोवती त्याचंच स्वतःचं विरळ वातावरण! पाणी, चिकटद्रव्यांतून सुटलेले सेंद्रिय रेणू, वंगणाचे अंश. इतकी वर्षं निर्वातात राहूनही यान घाम गाळत होतं. तो घाम त्यांनी आधी नीट मोजून ठेवला आणि धूमकेतूच्या प्रत्येक आकड्यातून वजा केला. काका, तुम्ही आरंभीची शिल्लक तपासल्याशिवाय पुढच्या नोंदीवर टिक करत नव्हता ना, तोच हा प्रकार. या सावधपणामुळेच २०१५ मध्ये त्यांनी धूमकेतूच्या वाफेत ऑक्सिजनचे रेणू आहेत, पाण्याच्या मानाने सुमारे चार टक्के, असं सांगितलं तेव्हा ते ऐकून घ्यावं लागलं. कुणाच्याही अंदाजात ते नव्हतं. पुढे ग्लायसिन हे साधंसं अमिनो आम्ल मिळालं, फॉस्फरस मिळाला. मग २०१६ च्या मेमध्ये यान धूमकेतूच्या अगदी जवळ नेऊन झेनॉन हा वायू मोजला. आपल्या हवेतल्या झेनॉनचा साधारण पाचवा हिस्सा धूमकेतूंकडून आलेला असावा, असा हिशेब त्यातून निघाला. तुम्ही आत्ता घेतलेल्या श्वासात तो आहे.

एवढं सगळं न उतरता मिळालं. म्हणजे तुमची शंका रास्तच आहे: मग उतरायचं कशाला?

१२ नोव्हेंबर २०१४ ची रात्र मला लख्ख आठवते. आम्ही चार सहकारी माझ्या घरी संगणकापुढे बसलो होतो. रात्री साडेनऊ वाजून गेल्यावर फिली टेकल्याचा संदेश आला. तिकडे जर्मनीत लोक एकमेकांना मिठ्या मारत होते, इकडे आम्हीही उठून उभे राहिलो. मग सगळे मिळून सराफ्यात, इथल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, गेलो. थंडी पडू लागली होती, गराडूच्या, म्हणजे तळायच्या कंदाच्या, कढया चढल्या होत्या. दुकानासमोर उभे राहून आम्ही गराडू खात होतो त्या वेळी फिली प्रत्यक्षात जमिनीवर नव्हतंच. पहिल्या टेकणीनंतर ते उसळलं होतं आणि जवळजवळ दोन तास हवेविना तरंगत होतं. आपल्या घड्याळाने अकराच्या सुमारास ते कायमचं थांबलं. आम्हाला हे दुसऱ्या दिवशी कळलं.

असं का झालं, हे नीट समजून घ्यायला हवं. चंद्रयान-३ उतरताना आपण सगळ्यांनी श्वास रोखला तो वेग मारण्यासाठी. चंद्र खेचतो, इंजिन उलटं जाळून तो ओढा तोडायचा. धूमकेतूवर अडचण नेमकी उलटी. ६७पी चार किलोमीटर लांबीचा, दोन गाठोडी एकमेकांना चिकटवल्यासारखा, आणि घनता पाण्याच्या निम्मी. त्याची ओढ एवढीशी की १०० किलोचं फिली तिथे एक-दोन ग्रॅम वजनाचं. इथे पडण्याची भीती नाही, उडून जाण्याची आहे. म्हणून तीन उपाय होते: टेकताच दोन हार्पून, म्हणजे दोरीचे भाले, जमिनीत मारायचे, पायांतले स्क्रू बर्फात रुततील, आणि वरून वायूचा झोत यंत्राला खाली दाबून धरील. झोताची यंत्रणा तयार होत नाही हे आदल्या रात्रीच लक्षात आलं होतं. हार्पून सुटले नाहीत. स्क्रूंना पकड मिळाली नाही. फिली माणसाच्या चालीने, सेकंदाला एक मीटरने, आलं आणि सेकंदाला ३८ सेंटिमीटरने वर उसळलं. पायांतल्या यंत्रणेने बराचसा धक्का गिळला. ती तेवढी नीट चालली नसती तर फिली परत आलंच नसतं.

नेम मात्र चुकला नव्हता. त्याला स्वतःला दिशा बदलायची सोयच नव्हती. साडेबावीस किलोमीटर उंचीवरून रोझेटाने सोडलं, सात तास ते नुसतं पडत राहिलं आणि ठरल्या जागेपासून सव्वाशे मीटरच्या आत टेकलं. ज्यांनी ही कक्षा आखली त्यांच्या कामात खोट काढायला जागा नाही.

हार्पून का सुटले नाहीत यावर लोक तावातावाने बोलतात. मी बोलत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका प्रयोगशाळेत एक व्हॉल्व्ह तीन वर्षं बंद अवस्थेत, उत्तम व्हॅक्यूममध्ये राहिला होता. उघडायची वेळ आली तेव्हा तो हलेना. धातूवर हवेचा पापुद्रा नसेल तर दोन स्वच्छ पृष्ठभाग एकमेकांना धरून बसतात. तेव्हापासून आम्ही बेकिंग होणाऱ्या जोडांना चांदीचा मुलामा दिलेले बोल्टच वापरायला लागलो. जमिनीवर, हाताशी पाना असताना, तीन वर्षांत हे होतं. फिलीची यंत्रणा दहा वर्षांनी, एकदाच आणि ठरल्या क्षणी चालायची होती. शिवाय ते बनवलं होतं दुसऱ्याच, लहान धूमकेतूसाठी, विर्टानेनसाठी. २००२ च्या डिसेंबरात एरियन रॉकेटची नवी आवृत्ती कोसळली, २००३ च्या जानेवारीतलं उड्डाण रद्द झालं आणि ठिकाण बदलावं लागलं. नवा धूमकेतू मोठा, म्हणून पायांची जोडणी घट्ट करून घेतली. ६७पी दोन गाठोड्यांचा आहे हे तर जुलै २०१४ मध्ये, चार महिने आधी कळलं. ज्या जमिनीवर उतरायचं ती मऊ की कडक हेही कुणाला माहीत नव्हतं. ते समजावं म्हणूनच तर उतरायचं होतं.

आणि ते समजलं. उतरण्याच्या खात्यात मी जमेला जे धरतो ते सांगतो.

फिलीचे पाय पहिल्यांदा टेकले तिथे वर भुसभुशीत थर होता आणि खाली कडक. शेवटी ते कड्याच्या सावलीत जिथे पडलं तिथे त्याच्या हातोडीने जमिनीत खुंटी ठोकायचा प्रयत्न केला, जोर सगळ्यात वरच्या पायरीवर नेला, तरी ती काही सेंटिमीटरच्या पुढे जाईना. बर्फ आणि धूळ एकमेकांत जखडून घट्ट झालेली. अडखळत जाताना मध्ये आणखी एका जागी ते घासलं होतं. ती जागा २०२० मध्ये, फोटो आणि फिलीच्या हालचालींच्या नोंदी ताडून, शेवटच्या जागेपासून तीसेक मीटरवर सापडली. तिथल्या दगडाच्या आतला अब्जावधी वर्षांचा बर्फ ताकावरच्या फेसाहून मऊ निघाला. तीस मीटरच्या अंतरात फेस आणि फरशी! कॅमेऱ्याला दोन्ही सारखेच काळे दिसतात. हे फक्त स्पर्शाने कळतं. आणि ठरल्या जागी घट्ट बसलं असतं तर फिलीला एकाच जागेची चव कळली असती.

दुसरी जमा रेडिओची. कॉन्सर्ट नावाच्या प्रयोगात रोझेटा धूमकेतूच्या एका बाजूला, फिली दुसऱ्या बाजूला, आणि मधून, धूमकेतूच्या पोटातून, रेडिओलहरी. त्या जवळजवळ न अडखळता आरपार गेल्या. आत मोठी पोकळी नाही, मोठा खडक नाही, बारीक छिद्रांनी भरलेलं एकसारखं द्रव्य आहे, तीन चतुर्थांश रिकामं. पलीकडे कुणीतरी उभं असल्याशिवाय हा प्रयोग होतच नाही.

तिसरी गोष्ट वासाची. पहिल्या टेकणीत उडालेली धूळ फिलीच्या तळाच्या नळ्यांत शिरली. मग उसळीच्या प्रवासात, टेकणीनंतर पंचवीस मिनिटांनी, कोसॅक या उपकरणाने तो वायू हुंगला. सोळा सेंद्रिय संयुगं निघाली. त्यांतली चार, ॲसिटोन त्यांपैकी एक, धूमकेतूवर त्याआधी सापडली नव्हती.

आता खर्चाची बाजूही पूर्ण मांडतो. ड्रिलने जमीन खोदून नमुना भट्टीत घालायचा हा मुख्य प्रयोग होता. ड्रिल चाललं, नमुना भट्टीत पोचला नाही. बॅटरी संपण्याआधी सत्तावन्न तास काम झालं. सावलीत साडेबारा तासांच्या दिवसात दीड तास ऊन, त्यावर सौर पट्ट्यांनी पुन्हा बॅटरी भरायची ती भरली नाही. २०१५ च्या जून-जुलैत, धूमकेतू सूर्याजवळ आल्यावर, फिली मधूनमधून बोललं. ९ जुलैनंतर ते गप्प झालं. महिनोन्‌महिने पृष्ठभागावर बसून धूमकेतू उन्हात कसा बदलतो ते पाहायचं, हा बेत गेला. माझ्या मते फिलीने ठरलेल्या कामाचा मोठा भाग केला, पण सगळ्यात किमती भाग राहिला. २२ कोटी युरोंत ही मिळकत पुरेशी आहे असं मी म्हणतो. तुम्ही नाही म्हणालात तर मी वाद घालणार नाही, मात्र संपूर्ण मोहीम वाया गेली असं म्हणालात तर घालीन.

फिलीनंतर लहान गोळ्यांना भेटलेल्या यानांची तऱ्हा वेगळी होती. इतकी कमी ओढ असलेल्या लहानग्या गोळ्यांवर पाय रोवून उभं राहण्याचा हट्ट मोठ्या यानांनी धरला नाही. जपानच्या हायाबुसा-२ ने २०१९ मध्ये र्‍युगू या लघुग्रहाला शिवून नमुना उचलला आणि लगेच वर झाली. अमेरिकेच्या ओसायरिस-रेक्सचा हात २०२० मध्ये बेन्नू या लघुग्रहात जवळजवळ अर्धा मीटर रुतला. पृष्ठभागाने प्रतिकारच केला नाही. यान मागे हटलं नसतं तर आणखी आत गेलं असतं. त्या नमुन्यातले सुमारे १२१ ग्रॅम २०२३ मध्ये पृथ्वीवर आले आणि त्यांत सजीवांच्या प्रथिनांतली वीसपैकी चौदा अमिनो आम्लं सापडली. मला विचाराल तर धूमकेतूचंही पुढचं पाऊल हेच: शिवायचं, उचलायचं, गोठलेल्या अवस्थेत घरी आणायचं. गोठलेलं ठेवणं अवघड आहे. स्टारडस्ट यानाने २००६ मध्ये वाइल्ड-२ या धूमकेतूची धूळ आणली, पण बर्फ अजून कुणी आणलेला नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेल म्हणून: आपण भारतीयांनी हे करावं का? चंद्रयान-३ सुमारे ६१५ कोटींत झालं, मग यांना इतके कशाला, असं लोक म्हणतात. ही तुलना अपुरी आहे. चंद्राचा प्रवास महिन्या-दीड महिन्याचा, रोझेटाचा दहा वर्षांचा. त्यात पृथ्वीचे तीन आणि मंगळाचा एक फेरा वेग मिळवण्यासाठी. सूर्यापासून ऐंशी कोटी किलोमीटरवर फक्त सौर पट्ट्यांवर जगायचं, त्यासाठी अडीच वर्षांहून जास्त काळ यान झोपवून ठेवायचं. पण आपण या विद्येत कोरे नाही. १४ नोव्हेंबर २००८ रोजी चंद्रयान-१ मधून सोडलेली छोटी पेटी चंद्रावर आदळली. त्या पेटीत ‘चेस’ नावाचा मास स्पेक्ट्रोमीटर होता आणि खाली पडता पडता त्याने चंद्राच्या विरळ हवेत पाण्याची खूण नोंदवली. हे पाणी चंद्राचं की पेटीने सोबत आणलेलं, हा प्रश्न तेव्हा लोकांनी विचारला. योग्यच विचारला, माझ्या पेशातला पहिला प्रश्नच तो. पुढे मंगळयानावर ‘मेन्का’ हे त्याच जातीचं उपकरण गेलं. आपण स्वतंत्र मोहीम आखण्याआधी अशी उपकरणं दुसऱ्यांच्या यानांवर पाठवावीत, आपल्या माणसांचा हात त्यावर बसू द्यावा, असं माझं मत आहे.

उरला तुमचा दुसरा प्रश्न. पैशांपेक्षा वर्षं महाग असतात हे मला मान्य आहे. रोझेटाला १९९३ मध्ये मंजुरी मिळाली, उड्डाण २००४ च्या मार्चमध्ये, धूमकेतूची भेट २०१४ मध्ये, शेवट ३० सप्टेंबर २०१६ ला. त्या दिवशी यान हळूच धूमकेतूवर टेकवून बंद केलं. त्याच्या चारच आठवडे आधी, २ सप्टेंबरला, त्याच्या कॅमेऱ्याला कपारीत अडकलेलं, एक पाय वर केलेलं फिली दिसलं होतं. ज्यांनी आराखडे काढले त्यांतले काही निवृत्त झाले होते, काही राहिले नव्हते. ज्यांनी निकाल लिहिले त्यांतले काही मंजुरीच्या वेळी शाळेत होते. असं काम एका माणसाच्या नोकरीत मावत नाही. तुमच्या नातीला सांगताना हे लपवू नका. तिने बनवलेलं उपकरण तिच्या पन्नाशीत पोचेल, कदाचित पोचणारही नाही. अमेरिकेची धूमकेतूसोबत राहायची एक मोहीम १९९२ मध्ये पैशांअभावी बंद झाली, तेव्हा त्यात वर्षं घातलेली माणसं होतीच.

पण तिची ती वर्षं यानाच्या वाट पाहण्यात जात नाहीत, हेही तिला सांगा. रोझिनासाठी जे शिकावं लागलं, वायू ओळखणं, स्वतःचा घाम वजा करणं, २८ चं कोडं फोडणं, ते दररोज कामाला येतं. चिप बनवणाऱ्या कारखान्यात तेच लागतं, औषधांच्या तपासणीत तेच लागतं, आमच्या इलेक्ट्रॉनच्या नळीतही तेच. हा हात एकदा बसला की मोहीम असो वा नसो, तिला काम मिळेल. म्हणून तिने धूमकेतूच्या स्वप्नामागे जावं की नाही याचं उत्तर मी देणार नाही. तिला व्हॅक्यूमच्या टेबलाशी तासन्‌तास बसायला आवडतं का, हे मात्र तपासता येईल.

रोझिनाच्या नोंदी सगळ्यांसाठी खुल्या आहेत, कुणीही उतरवून घेऊ शकतो. माझ्या घरी प्रयोगशाळेतल्या जुन्या नोंदींच्या छायाप्रती आहेत. त्यांतल्या दोन कागदांवर २८ चं शिखर आहे. एकात गळती होती, एकात नव्हती. रविवारी सकाळी तिला पाठवा. पोहे-जलेबी इकडेच. कोणत्या कागदावर गळती आहे ते तिने १२, १४, ३२ आणि ४० ची शिखरं पाहून सांगायचं. मग आम्ही दोघं धूमकेतूचं २८ उघडून बघू.